पायरेट्सच्या मालकांना खुलं पत्र: यंदा तरी आशेला लावू नका

प्रति,
बॉब नटिंग साहेब आणि पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमची समस्त मालक व मॅनेजमेंट मंडळी,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की मार्च संपत आला, गुढी उतरवून झाली, तुमचा २०२६ चा सीझन दारात उभा आहे आणि मला पुन्हा आशा वाटायला लागली आहे. तक्रार एवढीच आहे.

हरण्याची तक्रार नाही हां. हरण्याची सवय आहे, पंचवीस वर्षांत चांगली मुरली आहे, लोणच्यासारखी. मी २००१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेहून पिट्सबर्गला आले, नवऱ्याची नोकरी, मला काम करायला परवानगी नसलेला व्हिसा, दिवसभर घरात मी आणि एक रेडिओ. तो रेडिओ शेजारच्या आजींनी आणून दिला होता, म्हणाल्या पोरी तुला सोबत होईल. त्यावर केडीकेए स्टेशन लागायचं आणि संध्याकाळी सातला तुमचे कॉमेंटेटर लॅनी फ्रटारे सुरू व्हायचे. मला काही म्हणजे काही कळायचं नाही. बॉल टाकतात की फेकतात, बॅट मारून झाल्यावर ती टाकून का पळतात, आउट नसताना माणूस तिकडे मधेच उभा का राहतो. पण आवाज ओळखीचा वाटायचा. आमचे अण्णा रेडिओला कान लावून बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकायचे ना, तसाच निवांत, घाई नसलेला माणूस, मॅच चालू असताना मधेच हवा कशी आहे ते पण सांगणारा. मी पोळ्या लाटायचे आणि ऐकायचे. त्या वर्षी तुम्ही बरोब्बर १०० मॅच हरलात. मला वाटलं असंच असतं, टीम म्हणजे हरतेच.

आजींनीच मग स्कोअर लिहायला शिकवलं. फळीवर वही ठेवून, पेन्सिलने. चौकोन काढायचा, त्यात हिरा काढायचा, माणूस जितक्या बेसपर्यंत पोचला तितक्या बाजू गडद करायच्या. प्रत्येक जागेला नंबर, म्हणजे शॉर्टस्टॉपने उचलून सेकंड बेसला आणि तिथून फर्स्टला असे दोन आउट काढले की ६-४-३. स्ट्राइकआउटला इंग्रजी के, आणि पठ्ठ्या बॅट न फिरवता नुसता बघत बघत आउट झाला तर तो के उलटा काढायचा. या उलट्या के वर आमचा फार जीव, आजी तो काढताना तोंडाने च्च करायच्या. आता माझ्याकडे तुमच्या पंचवीस सीझनच्या वह्या आहेत, बेसमेंटमध्ये खोक्यात, मिरजेच्या दुकानातल्या दोनशे पानी, वर शाळेसारखं लेबल. दर वर्षी कुणी ना कुणी तिकडून येताना घेऊन येतं. सगळ्या मॅच चौकोनांसकट नाही लिहून होत, मुलगा लहान असताना तर नुसता स्कोअर आणि 'हरलो' एवढंच. पण पान एका मॅचला एक, हा नियम कधी मोडला नाही.

या पंचवीस वह्यांपैकी जिंकलेल्या मॅच हरलेल्यांपेक्षा जास्त आहेत अशा किती, तर चार. २०१३, २०१४, २०१५, २०१८. तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच, पण म्हटलं आपल्या हाताने मोजून सांगावं.

आजींची गोष्ट जरा सांगते, कारण त्यांच्यासारख्या लोकांवर तुमचं दुकान चालतं. नवरा होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात, तो कारखाना १९८६ ला बंद पडला. त्यांच्यासमोर सिड ब्रीमचं नाव काढायची सोय नव्हती. १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा, सातवी मॅच, जिंकलो की थेट फायनल, म्हणजे वर्ल्ड सिरीज. शेवटच्या इनिंगला आपण २-० पुढे, मग २-१, दोन आउट, आणि कॅब्रेरा नावाच्या कुणाला फारसं माहीत नसलेल्या बॅटरने डावीकडे फटका मारला. दोघे धावत होम बेसला आले, म्हणजे दोन रन, त्यातला दुसरा ब्रीम. ब्रीम म्हणजे आपलाच जुना खेळाडू, दुखऱ्या गुडघ्यांचा, पळताना बघवत नाही असा, आणि बॅरी बॉन्ड्सचा थ्रो आला तरी तो घसरत पोचला. बस. त्या हिवाळ्यात बॉन्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि आपण १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस सीझन हरण्याच्या बाजूला राहिलो. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या खेळात कुठल्याच टीमने एवढं सलग केलेलं नाही. आजी म्हणायच्या त्या माणसाचे गुडघे एक सेकंद जास्त दुखले असते तर काय बिघडलं असतं.

त्याच आजी मला पहिल्यांदा पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात घेऊन गेल्या, युनिव्हर्सिटीच्या आवारात, तिथे आपल्या जुन्या मैदानाच्या, फोर्ब्स फील्डच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे घडीच्या खुर्च्या घेऊन जमतात आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचची रेडिओ कॉमेंट्री लावतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. यांकीजशी ९-९ बरोबरी, शेवटची इनिंग, आणि आपल्या मॅझरोस्कीचा होम रन, क्रिकेटमधल्या सिक्सरसारखा. सगळ्यांना पाठ आहे तरी त्या क्षणाला सगळे उड्या मारतात, काठीवाले म्हातारेसुद्धा. मला तर वाटतं काकडआरतीला जमतात तसे जमतात. ऑक्टोबरमध्ये आमच्या टीमची एवढीच एक मॅच असते, पण ती आम्ही दर वर्षी जिंकतो.

असो. मी तुमच्या चांगल्या गोष्टी विसरलेली नाही. २००८ च्या नोव्हेंबरला तुम्ही रिंकू सिंग आणि दिनेश पटेलला घेतलंत, तेव्हा आईचा फोन, अगं तुमच्या त्या टीमने आपली दोन पोरं घेतली म्हणे. उत्तर प्रदेशातली, भाला फेकणारी पोरं, बेसबॉल आयुष्यात पाहिला नव्हता, एका टीव्हीच्या स्पर्धेत जोरात बॉल फेकला म्हणून इथे पोचली. अमेरिकन मेजर लीगच्या टीमशी करार करणारे पहिले भारतीय. वर पर्यंत पोचली नाहीत हे खरं, पण २००९ च्या जुलैत फ्लोरिडातल्या खालच्या लीगमध्ये रिंकूच्या नावावर एक विजय लागला त्या दिवशी आमच्या देवळात, पेन हिल्सच्या बालाजीला, ज्यांनी जन्मात एक इनिंग बघितली नाही ते काकाही मला येऊन स्कोअर विचारत होते. तो दिवस तुमचा, शंभर टक्के. आणि स्टेडियम. स्टेडियमला नाव ठेवील त्याची जीभ झडेल. पीएनसी पार्कमध्ये संध्याकाळी पहिल्या मजल्यावर बसावं, समोर ॲलेगेनी नदी, पिवळे पूल, मागे डाउनटाउनच्या काचांवर ऊन, मॅचच्या दिवशी गाड्या बंद करून नुसत्या माणसांना मोकळा सोडलेला क्लेमेंटे ब्रिज. मधे पिरोगींची, म्हणजे इथल्या करंज्यांची शर्यत, मोठाले बाहुले घालून पोरं धावतात आणि लोक पैजा लावतात. दोन इनिंगच्या मध्ये पळणारी करंजी बघून माझ्या सासूबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. मॅच काय चाललीय हे विसरायला होतं, आणि मला कधीकधी शंका येते की म्हणूनच ते एवढं सुंदर बांधलंय.

२०१३ ची वाइल्ड कार्डची रात्र, म्हणजे प्लेऑफची पहिली पायरी, एकच मॅच. आजी त्याच्या दोन वर्षं आधी गेल्या. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने दोन तिकिटं दिली, मी आणि मुलगा गेलो, तो आठ वर्षांचा, सगळं स्टेडियम काळे कपडे घालून, २१ वर्षांनी पहिली प्लेऑफ. सिनसिनाटीचा क्वेटो पिचर होता आणि अख्खं स्टेडियम त्याचं नाव लांबवत लांबवत ओरडायला लागलं, क्वेऽऽटो, क्वेऽऽटो, शाळेत एखाद्याला चिडवतात तसं. आणि त्याच्या हातातून बॉल पडला. नुसता उभा होता हो, हातातला बॉल निसटून खाली. जो आवाज झाला ना तेव्हा. त्याच्या पुढच्याच बॉलला आपल्या रसेल मार्टिनने तो बाहेर मारला. माझ्या वहीत तो हिरा इतका दाबून काढलाय की मागच्या पानावर उमटलाय. ६-२ जिंकलो. मुलगा माझ्या खांद्यावर झोपून गेला आणि पूल ओलांडून चालत येताना अनोळखी माणसं मला मिठ्या मारत होती. मिरजेत आयुष्य गेलं माझं, अनोळखी माणसाने मिठी मारायची पहिलीच वेळ.

त्यानंतर सेंट लुईसशी पाच मॅच आणि घरी. २०१४ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या बमगार्नरने ८-० हरवलं. २०१५ ला तर तुम्ही ९८ मॅच जिंकलात, अख्ख्या लीगमध्ये फक्त एक टीम तुमच्या पुढे, आणि एकच मॅच खेळायला मिळाली, शिकागोच्या ॲरिएटाने ४-०. दोन रात्री मिळून अठरा इनिंग, एक रन नाही. तरी मी तेव्हा काही बोलले नाही, खेळात होतं असं. तुम्ही प्रयत्न करत होतात ते दिसत होतं.

दिसेनासं झालं ते नंतर. २०१८ चा जानेवारी मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. भोगीच्या दिवशी आपला पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला गेला. मधे संक्रांत. आणि किंक्रांतीला आपला स्टार बॅटर अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. आमच्याकडे किंक्रांतीला शुभ काही करत नाहीत, तुम्ही तेवढं मात्र पाळलंत. त्याच जुलैत क्रिस आर्चर नावाच्या पिचरसाठी ग्लॅसनाउ, मेडोज आणि बाझ अशी तीन तरुण पोरं देऊन टाकलीत, त्यावर मी काही लिहीत नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मग २०२१ ला १०१ हार, २०२२ ला १००. मग दोन वर्षं तंतोतंत ७६ जिती, ८६ हारी. इतकं सारखं, की वहीचं लेबल चुकलं असं वाटून मी दोनदा मोजलं. गेल्या वर्षी ७१-९१, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी होम रन, मे महिन्यात मॅनेजरची नोकरी गेली, जुलैत पिचर बेडनारला यांकीजकडे पाठवलंत. बेडनार इथलाच हो, मार्स नावाच्या गावचा. मंगळावरचा माणूस टिकवता आला नाही तुम्हाला.

आणि ते स्कीन्सचं. पॉल स्कीन्सने गेल्या वर्षी १.९७ च्या सरासरीने रन दिले, म्हणजे नऊ इनिंगला दोन सुद्धा नाहीत, २१६ जणांना स्ट्राइकआउट केलं, सर्वोत्तम पिचरला मिळणारं साय यंग अवॉर्ड मिळवलं, आपल्या टीमचं इतिहासातलं फक्त तिसरं. आणि त्याचा हार-जितीचा हिशोब काय, तर १०-१०. घरात एक कमावता आणि बाकीची मंडळी पाटावर बसलेली, तसं. तो बॉल टाकणार त्या दिवशी मी स्वयंपाक लवकर उरकते. २०२९ नंतर तो मोकळा होणार, वाटेल तिथे जायला, आणि कुठे जाईल ते लिहायला ज्योतिषी लागत नाही. माझ्या मुलानेच तर ओहतानीचा जर्सी घेतलाय, निळा, लॉस एंजलिसच्या डॉजर्सचा, मागच्या दिवाळीत घालून आला. मी काही बोलले नाही, फराळ वाढला. म्हणतो आई, तुझी टीम जिंकायला खेळतच नाही, तू का बघतेस.

त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी पैशाचा विषय नीट समजून घेतला. आमच्या मिरजेच्या लोकांना सांगायचं तर असं, आयपीएलच्या लिलावात सगळ्यांना पर्स सारखी. इथे तसं नाही. वरची पक्की मर्यादाच नाही, एका आकड्यापुढे खर्च केला की दंडासारखा टॅक्स, तो भरला की झालं, म्हणून डॉजर्स ओहतानीला दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर कबूल करतात आणि २०२४, २०२५ लागोपाठ वर्ल्ड सिरीज जिंकतात. आणि खालची मर्यादाही नाही. मोठ्या शहरांच्या कमाईतला वाटा लहान शहरांना मिळतो, तुम्हालाही मिळतो, पण तो मैदानावर किती उतरवायचा याची सक्ती कुणी तुमच्यावर करताना मला तरी दिसत नाही. वर लीगमधून खाली कुणी ढकलत नाही, शेवटून पहिले आलात तरी पुढच्या मार्चला तीच खुर्ची. येत्या १ डिसेंबरला खेळाडूंशी असलेला करार संपतोय, मालक लोक पगाराला टोपी, म्हणजे सॅलरी कॅप, घालू म्हणणार, खेळाडू नाही म्हणणार, २०२७ चा सीझन कधी सुरू होईल देव जाणे. आणि तुम्ही सांगणार की बघा, आम्ही गरीब, टोपी आली की आम्ही पण जिंकू.

अहो पण मिलवॉकी. आपल्याच गटात आहे, आपल्यासारखंच लहान शहर, आजूबाजूचा परिसर धरला तर उलट आपल्यापेक्षा थोडं लहानच, आणि गेल्या वर्षी ९७ मॅच जिंकून सगळ्या लीगमध्ये पहिले. त्यांना काय वेगळी टोपी घातली होती?

पैशापेक्षा मला दुसरंच लागलं खरं तर. गेल्या एप्रिलला उजवीकडच्या भिंतीवरचा आपल्या रॉबर्टो क्लेमेंटेच्या जर्सीचा २१ आकडा काढून तिथे दारूच्या ब्रँडची जाहिरात. ती भिंतच २१ फूट उंच आहे त्याच्यासाठी! १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान पडून गेलेला माणूस, बरोब्बर ३००० हिट नावावर. त्याच्या मुलाने नाराजी बोलून दाखवली, लोक चिडले, मग तुम्ही माफी मागून आकडा परत लावलात. ते झालं नाही तोवर विटा. स्टेडियम झालं तेव्हा लोकांनी पैसे भरून नावं कोरून घेतलेल्या विटा, कुणाचे वडील, कुणाचं पन्नास वर्षांचं लग्न, त्या एका रिसायकलिंगच्या आवारात ढिगाऱ्यात पडलेल्या दिसल्या. माझी वीट नव्हती त्यात, आम्ही तेव्हा नवे होतो. पण नटिंग साहेब, आमच्याकडे विटेवर देव उभा राहतो. कंबरेवर हात ठेवून, अठ्ठावीस युगं. भक्ताने फेकलेली वीट, तो म्हणाला थांब जरा, देव थांबलाय अजून. आम्ही १९७९ च्या वर्ल्ड सिरीजच्या विजयापासून थांबलोय म्हणजे तसं काहीच नाही म्हणा. त्याच महिन्यात स्टेडियमवरून 'बॉब, टीम विकून टाक' असा बॅनर लावलेलं विमान फिरलं, त्याचं सगळ्यांना हसू आलं, मला नाही आलं. स्वतःच्या पैशाने विमान भाड्याने घेण्याइतका राग ज्यांना येतो ते लोक अजून दमलेले नाहीत.

मी दमले आहे. आणि नेमकं या वर्षी तुम्ही काय करावं, तर हिवाळ्यात चक्क खर्च केलात. टॅम्पाकडून ब्रँडन लाउ आणलात, ज्याने गेल्या वर्षी ३१ होम रन मारले. रायन ओहर्नला दोन वर्षांचे २ कोटी ९० लाख डॉलर दिलेत. ही बातमी वाचली तेव्हा मी ट्रेनमध्ये होते आणि मला स्वतःचाच राग आला, कारण पोटात काहीतरी हललं. मी मनात लाइनअप लावायला लागले, स्कीन्सला चार रन मिळाले तर काय होईल याचा हिशोब करायला लागले, दहाच्या अठरा जिती होतील का. एवढं सोपं आहे मला फसवणं. दोन बॅटर.

म्हणून विनंती एवढीच आहे, आणि ती मी हात जोडून नाही, सरळ करते. खरंच खेळणार असाल तर जुलैपर्यंत तरी तसे वागा, महिन्याच्या शेवटी दुकानाची आवराआवर केल्यासारखी माणसं विकायला काढू नका. आणि खेळणार नसाल तर आत्ता मार्चमध्येच सांगा. 'यंदा आम्ही ७५ जिंकू, फटाक्यांच्या रात्री चांगल्या होतील, स्टेडियमला या.' मी येईन. शपथेवर सांगते, येईन, सासूबाईंना पिरोगी दाखवायला येईन, पुलावरून चालायला येईन. पण मग ते 'विंडो' आणि 'प्रोसेस' आणि 'तरुण गाभा' बोलू नका, ते ऐकून ऐकून माझ्या मुलाचं बालपण संपलं, तो दहा वर्षांचा होता तेव्हाची शेवटची प्लेऑफ आणि आता विसाचा आहे.

यंदा म्हणे अंपायरचा निर्णय पटला नाही तर बॅटर हेल्मेटवर टपली मारून चॅलेंज करणार, मग मशीन सांगणार स्ट्राइक होता की नाही. माझ्या वहीत त्याला खूण नाहीये. आजी असत्या तर त्यांनी ठरवली असती. मी सध्या एक छोटं वर्तुळ काढून त्यात टिंब देणार आहे.

कळावे,
आपली,
पिट्सबर्गची एक मिरजकरीण

ता. क. वही दोनशे पानी असते आणि मॅच १६२. दर वर्षी ३८ पानं उरतात. प्लेऑफच्या सगळ्या पायऱ्या शेवटपर्यंत खेळल्या तरी जास्तीत जास्त २२ मॅच होतात, म्हणजे पुरून उरतील. पंचवीस वर्षांत त्यातली आठ वापरली, २०१३ ची सहा आणि पुढच्या दोन वर्षांची एकेक. बाकीच्यांवर वाणसामानाच्या याद्या आहेत, तूरडाळ, पोहे, हिंग संपलाय. शंभर पानी घेऊन त्यात दोन मॅच एका पानावर बसवता येतील असं नवरा दर वर्षी सुचवतो. यंदाची वही फेब्रुवारीत आली, बहिणीच्या बॅगेतून. दोनशे पानीच सांगितली होती.